चॅपल हिल आणि मिशिगन: दुसऱ्या राज्यातल्या सरकारी युनिव्हर्सिटीत लेकीला कितपत चान्स आहे?

रारितन

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक यंदा सीनियर, म्हणजे बारावीला आहे. तिला पब्लिक हेल्थ करायचंय आणि नॉर्थ कॅरोलायनाचं चॅपल हिल आणि मिशिगनचं अ‍ॅन आर्बर अशी दोन नावं तिने मनात पक्की धरलीयेत, त्यातही चॅपल हिल जास्तच. प्रोफाईल सांगते. अनवेटेड जीपीए (कठीण विषयांचा जादा पॉइंट न धरता काढलेली ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.९१, शाळा रँक देत नाही, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा, १६०० पैकी) १४९०. एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचे वर्ग, त्यातलं अकरावीपर्यंत एपी बायो, एपी लँग, एपी स्टॅट्स झालं, यंदा एपी केम आणि कॅल्क बीसी चालू आहे. गावातल्या फर्स्ट एड स्क्वॉडवर नववीपासून कॅडेट आहे, आता ईएमटीचं (अँब्युलन्सवरच्या तातडीच्या उपचारांचं) ट्रेनिंगही झालं, शनिवारी शिफ्ट करते. रविवारी मराठी शाळेत छोट्यांच्या वर्गाला शिकवते. भरतनाट्यम चालू आहे पण अरंगेत्रम केलेलं नाही.

आता प्रॉब्लेम असा की नेटवर ते चान्स काढून देणारे कॅल्क्युलेटर असतात ना, त्यातला एक म्हणतो ४० टक्क्यांच्या वर आणि दुसरा म्हणतो १२, आणि हे म्हणतात अगं सरकारी युनिव्हर्सिटी आहे, प्रायव्हेटसारखी गत नसणार, एवढं काय टेन्शन घेतेस. काउन्सिलर बाईंकडे दोनशेच्या वर मुलं आहेत, त्या फक्त "रीच" एवढंच म्हणाल्या, म्हणजे मिळायला अवघड. म्हणजे नक्की किती रीच? कुणी या चक्रातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

कॅरीकर

रारितन, मी इथेच राहतो, चॅपल हिलपासून अर्ध्या तासावर, थोरला तिथे शिकून बाहेर पडला. तर एक गोष्ट आधी स्पष्ट सांगतो, आमच्या मुलाचा अनुभव तुमच्या कामाचा नाही, कारण तो राज्यातला होता. इथे बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी मर्यादा आहे, १९८६ पासून चालत आलेली, पहिल्या वर्षाच्या वर्गात १८ टक्के. वर्ग धरा साडेचार-पाच हजारांचा, त्याचे १८ टक्के म्हणजे आठशे-नऊशे जागा, आणि त्यातच परदेशी मुलं, त्यातच बाहेरून घेतलेले खेळाडू. अर्ज मात्र बाहेरून चाळीस हजारांच्या वर येतात. सगळेच येणार नाहीत हे धरून ते जागांपेक्षा बऱ्याच जास्त मुलांना ऑफर देतात, तरी शेवटी बाहेरच्या शंभर अर्जांत आठ-दहा जणांनाच होकार मिळतो. राज्यातल्या मुलांचं हेच प्रमाण चाळीसच्या आसपास जातं. दोन्हीची सरासरी जी काय छापून येते तिच्यावर तुमचे मिस्टर बोलत असतील तर त्यांना हे दाखवा. टॅक्स इथले लोक भरतात, युनिव्हर्सिटी त्यांच्या मुलांसाठी काढलेली, त्यामुळे मला तरी ही मर्यादा रास्तच वाटते.

झुळूक

कॅरीकर यांना अनुमोदन. मी आमच्या भागातल्या मराठी मंडळात दरवर्षी सीनियर मुलांच्या याद्या बघायला बसते, पैसे वगैरे काही नाही, आवड म्हणून. त्यामुळे जरा लांबलचक लिहिणार आहे.

रारितन, कॅल्क्युलेटर बंद कर आधी. त्यांना तुझी लेक न्यू जर्सीची आहे हे माहीत असलं तरी राज्यातले-बाहेरचे असे आकडे त्यांच्याकडे धड नसतात, मग ते सगळ्यांची सरासरी घेऊन तीत तिचा जीपीए बसवून टाकतात. त्याऐवजी युनिव्हर्सिटीचं नाव टाकून कॉमन डेटा सेट (सीडीएस, कॉलेजने स्वतः भरलेली प्रवेशाची आकडेवारी) शोध, दरवर्षी निघतो, फुकट असतो. त्यातला सी सेक्शन बघायचा. सी१ मध्ये किती अर्ज, किती होकार, आणि अलीकडच्या वर्षांत राज्यातले, बाहेरचे, परदेशी असे वेगळे रकानेही असतात, सगळे कॉलेज भरत नाहीत पण भरलेले असले तर तुझं अर्धं काम तिथेच झालं. सी७ मध्ये कशाला किती वजन देतात त्याचा तक्ता असतो, तिथे स्टेट रेसिडेन्सी (राज्यातला रहिवासी असणं) नावाची ओळ असते ती वाच. आणि सी९ मध्ये एसएटी.

आता एसएटीचं नीट समजून घे कारण इथेच बहुतेक पालक घसरतात. चॅपल हिलची मधल्या पन्नास टक्क्यांची रेंज साधारण १४०० ते १५३० आहे, ते बघून तू म्हणशील १४९० म्हणजे आपण छान आत आहोत. पण त्या वर्गात ८२ टक्के मुलं राज्यातली आहेत, रेंज मुख्यतः त्यांची आहे. बाहेरून घेतलेली मुलं त्या रेंजच्या वरच्या टोकाला दाटलेली असणार, आठ टक्क्यांतून आल्यावर दुसरं काय होणार. शिवाय टेस्ट ऑप्शनल, म्हणजे स्कोअर पाठवणं ऐच्छिक, असल्यामुळे कमी स्कोअरवाले स्कोअर दाखवतच नाहीत, म्हणून खालचं टोकही वर सरकलेलं असतं. म्हणजे १४९० वाईट नाही, पण या रांगेत तो तिला पुढे नेणारा नाही, फक्त रांगेत उभा ठेवणारा आहे.

माझं म्हणणं इतकंच की "माझी मुलगी चांगली आहे का" हा प्रश्न या हिशोबात आणायचाच नाही, ती चांगलीच आहे. प्रश्न असा विचारायचा की तिच्या राज्याबाहेरच्या गटासाठी जागा किती, त्या जागांवर आधीच बसलेले कोण, आणि उरलेल्या गर्दीत तिचं कोणतं काम वाचणाऱ्याच्या लक्षात राहील.

२०२३ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा, प्रवेश देताना वंश बघावा की नाही यावरचा, जो अ‍ॅडमिशनचा निकाल लागला त्यात हार्वर्डबरोबर चॅपल हिलही होतं. त्या खटल्यात दोन्ही बाजूंनी आकडेवारी मांडली तीसुद्धा राज्यातले आणि बाहेरचे असे दोन वेगळे गट करून, कारण ते दोन गट एकत्र तोलताच येत नाहीत. आपण घरी बसून तरी का तोलावेत?

सातारचे आजोबा

माझा नातू ओहायोत दहावीला आहे म्हणून हा धागा वाचतो आहे. आमच्याकडे नागपूरच्या व्हीएनआयटीत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या आणि निम्म्या बाकी देशाच्या, आणि दोन्हींचे शेवटचे रँक जोसाच्या (प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्यांच्या) साईटवर कुणालाही दिसतात. तसं तिकडे कुठल्या मार्काला बंद झालं हे जाहीर का करत नाहीत? मुलगी एवढे कष्ट करते, तिला निदान रेषा कुठे आहे ते तरी कळायला नको का?

झुळूक

आजोबा, तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे आणि इथल्या निम्म्या देशी पालकांच्या मनात तोच असतो. इथे रेषाच नसते. एका रँकवर सगळे उभे नसतात. शाळेत कुठले विषय उपलब्ध होते आणि त्यातले मुलीने किती कठीण घेतले, निबंध, शिक्षकांचं पत्र, शाळेबाहेर काय केलं, हे सगळं माणसं वाचतात. त्यामुळे १५५० वाला नाकारला जातो आणि १४६० वालीला होकार मिळतो असं दरवर्षी होतं. मला स्वतःला हा प्रकार मुलांवर अन्याय करणारा वाटतो, कारण नकार आला तर का आला हे त्यांना कधीच कळत नाही आणि ती स्वतःलाच दोष देत बसतात. अपवाद म्हणजे टेक्सास, तिथे रेषा आहे, पण ती टेक्सासच्या मुलांसाठी.

ऑस्टिनची सून

हो, टेक्सासचं मी सांगते. यूटी ऑस्टिनला कायद्याने पहिल्या वर्षाच्या ९० टक्के जागा टेक्सासच्या मुलांना द्याव्या लागतात आणि त्यातल्या बहुतांश शाळेतल्या रँकवर आपोआप भरतात, आधी वरचे ६ टक्के होते, २०२६ च्या बॅचपासून ५. उरलेल्या १० टक्क्यांत बाकीची ४९ राज्यं आणि सगळं जग. माझ्या नणंदेने व्हर्जिनियाहून मुलाचा अर्ज भरताना ऑस्टिन "टार्गेट"मध्ये, म्हणजे मिळण्याची बरी शक्यता असलेल्यांत, टाकलं होतं, मी म्हटलं काढ तिथून. फ्लोरिडातही राज्यातल्या सगळ्या सरकारी युनिव्हर्सिट्या मिळून बाहेरच्यांना १० टक्क्यांची मर्यादा आहे. प्रत्येक राज्याचं वेगळं आहे, त्यामुळे "आउट ऑफ स्टेट पब्लिक" असा एकच डबा करून चालत नाही.

रारितन

बापरे, इतकं कुणीच नीट सांगितलं नव्हतं, खूप खूप आभार सगळ्यांचे. झुळूक ताई, सीडीएस काढला, रात्री बसून वाचला. आता दोन प्रश्न. एक, शाळेच्या पोर्टलवर ते ठिपक्यांचे ग्राफ असतात, आमच्या शाळेतून कोण कुठे लागलं त्याचे, त्यावर किती विश्वास ठेवायचा? आणि दुसरा, माझा सख्खा भाऊ नॉर्थ कॅरोलायनातच कॅरीला राहतो, तिथे घर आहे त्याचं, लेकीचा पत्ता तिथला दाखवला किंवा हे शेवटचं सेमिस्टर तिला मामाकडे ठेवलं तर ती राज्यातली धरतील का? आईंनी सुचवलं म्हणून विचारते.

कॅरीकर

नाही धरणार. आणि खरंच करू नका. इथे रेसिडेन्सी ठरवायला राज्याचं वेगळं खातं आहे, आरडीएस म्हणतात, त्यांच्याकडे फॉर्म भरून कागदपत्रं द्यावी लागतात आणि मुलगी तुमच्यावर अवलंबून असली की ते तुमचं, म्हणजे आईवडिलांचं बिऱ्हाड बघतात, निदान बारा महिने इथे मुक्काम हवा, टॅक्स, लायसन्स, नोकरी सगळं इथलं हवं. मामाच्या पत्त्याला अर्थ नाही. शिवाय एकदा बाहेरची म्हणून दाखल झाली की पुढे इथलं लायसन्स काढून फी कमी करून घेऊ असंही लोक म्हणतात, तेही सोपं नाही, शिकायला म्हणून आलेलं माणूस हे राहायला आलेलं धरत नाहीत. मामाचा उपयोग इतकाच की थँक्सगिव्हिंगला पोरीला घरचं जेवण मिळेल, आणि तेही काही कमी नाही.

झुळूक

ठिपक्यांच्या ग्राफवर मी तर देशभरच्या आकड्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवते, आणि त्याचं साधं कारण असं की तुमच्या शाळेतला प्रत्येक ठिपका न्यू जर्सीचाच आहे, म्हणजे चॅपल हिलसाठी तो आपोआप बाहेरच्या राज्यातला झाला. तुला जो आकडा सीडीएसमध्ये हुडकावा लागतो तो तिथे गाळून आलेलाच असतो. फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळ. खाली कुठेतरी एकटाच हिरवा, म्हणजे होकाराचा, ठिपका दिसला तर तो बहुधा खेळाडू असतो, त्याच्याकडे बघून आशा धरू नको. मेजर (मुख्य विषय) दिसत नाही, म्हणजे कॉम्प्युटर सायन्सचा नकार आणि बायोलॉजीचा होकार एकाच रंगात शेजारी शेजारी. आणि गेल्या तीन वर्षांचेच बघ, कोविडच्या आधीचे ठिपके वेगळ्या जगातले आहेत.

काय दिसतंय ग्राफमध्ये?

रारितन

चॅपल हिलचे होकार मोजके आहेत आणि जे आहेत ते सगळे ३.९५ च्या वर. लाल, म्हणजे नकार, मात्र भरपूर, ३.९८ आणि १५६० वालेसुद्धा लाल. मिशिगनला बराच हिरवा रंग आहे, तिच्यासारख्या मार्कांवर साधारण निम्मे निम्मे वाटतात.

निळापिवळा

काकू, मी अ‍ॅन आर्बरला ज्युनियर, म्हणजे तिसऱ्या वर्षाला आहे, मीही एडिसनजवळच्या शाळेतूनच आलो. मिशिगनमध्ये बाहेरच्यांसाठी नॉर्थ कॅरोलायनासारखी मर्यादा नाहीये, जवळपास अर्धी मुलं मिशिगनच्या बाहेरची आहेत, म्हणून तुमच्या ग्राफमध्ये हिरवं जास्त दिसतंय. पण अर्ज एक लाखाच्या घरात गेलेत आता, त्यामुळे माझ्या वर्षीचं बघून यंदाचं ठरवू नका. अर्ज करताना कॉलेज निवडावं लागतं, एलएसए (आर्ट्स आणि सायन्सचं), इंजिनियरिंग, नर्सिंग असं, आणि "हेच कॉलेज का" असा निबंध असतो, तो सगळ्यात महत्त्वाचा असं मला वाटतं कारण बहुतेक जण त्यात फुटबॉल आणि कॅम्पस किती सुंदर आहे हेच लिहितात. तिने ईएमटीचं लिहावं ना! म्हणजे शिफ्टवर तिला काय दिसलं आणि ते बघून तिला पब्लिक हेल्थकडे का जावंसं वाटलं. अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज, लवकर उत्तर, बंधन नाही) १ नोव्हेंबर. आणि जानेवारीअखेर बऱ्याच मुलांना हो पण नाही आणि नाही पण नाही असं उत्तर येतं, पोस्टपोन म्हणतात, ते आलं तर तिला सांगा की तो नकार नाहीये, माझ्या रूममेटचं तसंच होऊन मार्चमध्ये झालं.

उंबरठा

एच-४ (एच-१ वर्क व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांसाठी थोडं लिहिते कारण दर वेळी हा मुद्दा राहून जातो. आमचा मुलगा तिसरीपासून इथे शिकला पण ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही अजून आहोत. तर एच-४ वर असलेल्या मुलांना फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) नाही, म्हणजे फेडरल मदत आणि कर्ज काहीच नाही. काही युनिव्हर्सिट्या अर्ज वाचताना अशा मुलांना बाहेरच्या राज्यातले धरतात आणि काही सरळ परदेशी, आणि या दोन्हींत चान्स आणि पैसा दोन्हींचा फरक पडतो, म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी उत्तर मागवलं. स्वतःच्या राज्यात मात्र बऱ्याच ठिकाणी एच-४ मुलांना इन-स्टेट फी मिळू शकते कारण एच-१ वर इथे बिऱ्हाड करता येतं. आणि मूल २१ चं झालं की एच-४ सुटतो, कॉलेजच्या मध्येच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागतो, तेव्हा फी परत कुठल्या गटात जाईल हे आधी विचारून घ्या. आम्हाला या सगळ्यातून राज्यातलीच युनिव्हर्सिटी सगळ्यात सुरक्षित वाटली आणि मुलगा तिथे मजेत आहे.

बे एरिया आई

कुणी कॅलिफोर्नियाचा विचार करत असेल तर पटकन सांगते. बर्कली, यूसीएलए वगैरे सगळ्या यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या शाखा) एसएटी बघतच नाहीत, पाठवला तरी नाही. दहावी-अकरावीचे ग्रेड आणि आठातले चार छोटे निबंध यावर सगळं. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना ग्रेडमध्ये जादा पॉइंट फक्त एपी आणि आयबीचा मिळतो, शाळेच्या ऑनर्स वर्गाचा मिळत नाही, त्यामुळे तुमचा वेटेड जीपीए तिथे कमी भरतो. आणि एक वर्षभराचा आर्टचा वर्ग लागतो हायस्कूलमध्ये, न्यू जर्सीच्या हुशार मुलांनी विज्ञान भरून घेतलेलं असतं आणि ऐनवेळी हे कळतं. बाहेर शिकलेलं भरतनाट्यम त्यात धरत नाहीत. बाहेरच्यांना फीवर वर्षाला ३७ हजार डॉलरच्या वर जादा आकार आणि यूसीकडून गरजेवर मदत नाही. पैशाचं गणित बसत असेल तरच.

कडीपत्ता

मी झुळूक यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. १४९० रांगेत पुढे नेत नसेल तर पाठवायचाच कशाला? टेस्ट ऑप्शनल आहे ना चॅपल हिल. आमच्या मुलीने १४७० लपवला आणि एका बऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत, बाहेरच्या राज्यातल्याच, तिचं झालं.

झुळूक

कडीपत्ता, मुलीचं अभिनंदन! प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवावं लागतं हे मान्य. पण इथे माझं मत पाठवावा असंच आहे. न्यू जर्सीतल्या आपल्या शाळांमधून स्कोअर नाही म्हटलं की वाचणारा गृहीत धरतो की १४०० च्या खाली असेल, कारण या शाळांचा इतिहास त्यांना पाठ असतो. १४९० ने तिचे ए ग्रेड खरे आहेत एवढं तरी सिद्ध होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी परत परीक्षा देता येईल, पण चॅपल हिलची अर्ली अ‍ॅक्शनची तारीख १५ ऑक्टोबर आहे, निकाल अगदी काठावर येईल आणि तेच दोन आठवडे निबंधांचे आहेत. माझ्या हातात असतं तर मी ते दोन आठवडे निबंधांना दिले असते. जॉर्जिया टेकला एसएटी सक्तीचा आहे, तिथे प्रश्नच येत नाही, आणि हो, तिथे बाहेरच्या राज्यातल्यांची अर्ली तारीखही जॉर्जियाच्या मुलांपेक्षा वेगळी असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

रारितन, आता चान्सचं थेट उत्तर देते, तू मागितलंयस म्हणून. चॅपल हिल: शंभरात आठ-दहा हा पाया, तिचा जीपीए तुमच्या शाळेच्या हिरव्या ठिपक्यांच्या किंचित खाली, ईएमटी आणि मराठी शाळा खूप खरं आणि सलग काम, ते वर ओढेल. तरी मी दहात एकच म्हणेन. मिशिगन एलएसए: चारात एक, फार तर तीनात एक. हे माझे अंदाज आहेत, ग्राफ आणि अनुभवावरून. दोन्हीकडे अर्ज नक्की करावा. आणि चॅपल हिलला गिलिंग्ज स्कूलमध्ये पब्लिक हेल्थला बहुतेकांना दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज करावा लागतो, म्हणजे दार एक नाही, दोन आहेत, हे तिला आत्ताच माहीत असू दे.

कॅरीकर

पैशावर कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. चॅपल हिल आणि व्हर्जिनियाचं यूव्हीए, या दोन सरकारी युनिव्हर्सिट्या बाहेरच्या राज्यातल्या मुलांचीही सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवतात. मिशिगन बाहेरच्यांना तशी हमी देत नाही आणि तिथला एकूण खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या आसपास जातो, तिसऱ्या वर्षापासून फी आणखी वाढते. दोन्हींच्या साईटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता किती पडेल ते सांगणारे) आहेत, ते मात्र जरूर वापरा, चान्सवाल्यांसारखे ते हवेत नाहीत. अर्जाच्या आधी मुलीला बसवून आकडा सांगा. एप्रिलमध्ये होकाराचं पत्र हातात असताना नाही म्हणणं फार जड जातं, आम्ही शेजारच्या घरात बघितलंय ते.

रारितन

काल रात्री तिघं बसलो. हिने, म्हणजे लेकीने, सगळा धागा वाचला. आकडे बघून जरा गप्प झाली, मग म्हणाली दहात एक तर दहात एक, अर्ज करणारच, पण बाकीच्या यादीतही मला खरंच जावंसं वाटेल अशीच कॉलेजं हवीत. तर यादी आता अशी. चॅपल हिल आणि मिशिगन आहेतच. आमच्या राज्यातल्या रटगर्सला ब्लूस्टीन स्कूलमध्ये पब्लिक हेल्थ आहे आणि खर्च मिशिगनच्या साधारण निम्म्यात, तिथे ती आधी पाहुण्यासारखी बघत होती, आता कोर्सेसची यादी काढून बसली. पिट (पिट्सबर्ग) घातलं, तिथे रोलिंग आहे, म्हणजे अर्ज येतील तशी उत्तरं देतात, म्हणून अर्ज याच आठवड्यात जाईल आणि हॅलोविनच्या आसपास एक उत्तर हातात येईल असं वाटतंय. मेरीलँडचं ठरतंय. यूसी आणि ऑस्टिन दोन्ही काढून टाकलं. एपी बायोच्या सरांना पत्रासाठी विचारलं, हो म्हणाले.

शेवटचा प्रश्न, चॅपल हिलच्या मदतीसाठी फाफ्सा पुरतो का? आम्ही सिटिझन आहोत.

कॅरीकर

नाही, फाफ्साबरोबर सीएसएस प्रोफाईल (मदतीसाठीचा आणखी एक, जास्त तपशिलाचा फॉर्म) हेही लागतं. दोन्ही साधारण १ ऑक्टोबरला उघडतात. प्रोफाईलमध्ये घराची किंमत, भारतातली प्रॉपर्टी, सगळं विचारतात, सासऱ्यांच्या नावावरचं नाही पण तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर तो लिहावा लागेल, त्याचे कागद आत्ताच मागवून ठेवा. आणि लेक कॅम्पस बघायला येणार असेल तर कळवा, मामा कामात असला तर मी फिरवून आणतो.